थडग्यांच्या गावाला पाहुणे

१७८० साली पॅरिसच्या ऐन बाजारपेठेत एका घराच्या तळघराची भिंत कोसळली. भिंतीपलीकडे ‘इनोसां’ ही शहरातली सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी दफनभूमी होती. मध्ययुगापासून तिथं प्रेतं पुरली जात होती. थरावर थर चढून तिथली जमीन आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा उंच झाली होती आणि तो भार भिंतीला सोसला नाही. माती, हाडं आणि अर्धवट कुजलेली प्रेतं तळघरात येऊन पडली. त्याच वर्षी इनोसां बंद झाली.

शहरात मृतांना पुरू नये, असा निवाडा पॅरिसच्या न्यायसभेनं १७६५ मध्येच दिला होता. पण दफनातून मिळणारं उत्पन्न चर्चना सोडवेना आणि आपली माणसं गावाबाहेर नेऊन ठेवणं लोकांना रुचेना. निवाडा पंधरा वर्षं कागदावरच राहिला. तळघराच्या भिंतीनं मात्र शहराला निर्णय घ्यायला लावला, आणि त्या निर्णयातून पुढच्या काही दशकांत अशी एक जागा उभी राहिली, जिथं आज दरवर्षी तीस लाखांहून अधिक लोक थडगी पाहायला येतात.

मृत्यूशी जोडलेल्या जागा पाहायला जाण्याला आज ‘डार्क टूरिझम’ म्हणतात. ग्लासगोच्या जॉन लेनन आणि माल्कम फोली या अभ्यासकांनी १९९६ मध्ये ही संज्ञा रूढ केली. ऑशविट्झची छळछावणी, अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची जागा, जुने तुरुंग, रणांगणं, दफनभूमी असं बरंच काही तिच्यात मावतं. संज्ञा नवी असल्यामुळे ही हौसही नवी आहे, दूरचित्रवाणी आणि स्वस्त विमानप्रवासानं जन्माला घातलेली आहे, असा अनेकांचा समज होतो. थडगी पाहायला जाण्यात काहीतरी अभद्र आहे, असंही बऱ्याच जणांना वाटतं. पॅरिसची हकिगत नीट पाहिली, तर हे दोन्ही समज टिकत नाहीत.

खड्डा आणि खाण

इनोसांमधली दफनाची रीत साधी होती. मोठा खड्डा खणायचा, त्यात प्रेतं रचत जायची आणि तो भरेपर्यंत उघडा ठेवायचा. एकेका खड्ड्यात हजाराहून अधिक माणसं मावत. खड्डा भरला की तो बुजवून शेजारी दुसरा घ्यायचा. काही वर्षांनी जुना खड्डा उकरून हाडं काढायची आणि दफनभूमीभोवतीच्या कमानदार ओवऱ्यांच्या माळ्यावर टाकायची, म्हणजे जागा पुन्हा मोकळी. त्याच ओवऱ्यांखाली दुकानं होती. निरक्षरांना पत्रं लिहून देणारे लेखनिक तिथं बसत. १४२४-२५ मध्ये एका बाजूच्या भिंतीवर ‘मृत्यूचं नृत्य’ रंगवलं गेलं. पोप, राजा, व्यापारी, शेतकरी, मूल अशा प्रत्येकाचा हात धरून एक सांगाडा त्याला ओढून नेतो, असं ते चित्र. ते इतकं गाजलं, की लंडनमध्येही त्याच्यावरून तसंच चित्र रंगवून घेतलं गेलं. चित्रातला राजा मुकुटावरून ओळखू यायचा, शेतकरी अवजारांवरून. खड्ड्यात मात्र कुणीच ओळखू येत नव्हतं. श्रीमंतांना चर्चच्या फरशीखाली जागा आणि नावाची शिळा मिळे. बाकीच्यांना सामाईक माती.

इनोसां रिकामी करायची, तर ही हाडं न्यायची कुठं? उत्तर शहराच्या पायाखालीच होतं. पॅरिसच्या इमारतींचा फिकट चुनखडक शतकानुशतकं जवळच्या भुयारी खाणींतून काढलेला. शहर वाढत त्या खाणींच्या डोक्यावर आलं आणि १७७४ मध्ये एका रस्त्याचा मोठा भाग खचला. त्यानंतर १७७७ मध्ये खाणींच्या तपासणीचं स्वतंत्र खातं निघालं. त्याचे प्रमुख शार्ल-आक्सेल गियोमो यांनी पोकळ्यांना आतून आधाराच्या भिंती बांधायला सुरुवात केली. त्यांतलाच एक भाग हाडांसाठी निवडला गेला. एप्रिल १७८६ मध्ये धर्मगुरूंनी तो विधिवत पवित्र केला. मग रात्रीमागून रात्री, काळ्या कापडानं झाकलेल्या गाड्या, पुढे मंत्र म्हणणारे पाद्री, अशा मिरवणुकीनं इनोसांमधली माणसं जमिनीखाली गेली. पाठोपाठ शहरातल्या इतर दफनभूमी रिकाम्या झाल्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गिलोटिनखाली मेलेल्यांची हाडंही याच खाणीत पोचली. एकूण माणसं सुमारे साठ लाख.

सुरुवातीला हाडं नुसती ओतलेली होती. १८१० च्या सुमारास खाणींचे निरीक्षक एरिकार द त्यूरी यांनी त्यांची मांडणी करून घेतली. मांड्यांच्या हाडांची टोकं बाहेर काढून भिंती रचल्या, मध्ये कवट्यांच्या रांगा बसवल्या, कुठं क्रूस तर कुठं खांब उभे केले. पाहुण्यांना आत सोडण्याचा विचार तेव्हाच पक्का झाला होता. १८१४ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट इथं उतरला. १८६० मध्ये तिसरा नेपोलियन मुलाला घेऊन आला. पुढच्याच वर्षी नादार या छायाचित्रकारानं विजेच्या दिव्यांवर इथं छायाचित्रं काढली. कृत्रिम प्रकाशात काढलेल्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांत त्यांची गणना होते. एकेका चित्राला अनेक मिनिटं लागत आणि जिवंत माणूस तेवढा वेळ निश्चल राहू शकत नाही, म्हणून हाडं वाहणाऱ्या मजुरांच्या जागी त्यानं कपडे घातलेले पुतळे उभे केले.

आजही एकशे एकतीस पायऱ्या उतरून, जमिनीखाली वीस मीटरांवर, सुमारे दीड किलोमीटरचा हा फेरा करता येतो. आत हवा कायम चौदा अंशांच्या आसपास. प्रत्येक ढिगाशी दगडी पाटी असते. हाडं कोणत्या दफनभूमीतून आणि कधी आणली, एवढंच तिच्यावर लिहिलेलं. माणसाचं नाव कुठंच नाही, असणं शक्यही नव्हतं. म्हणून ही जागा थक्क करते, पण भेट घडवत नाही. समोर साठ लाख माणसं असूनही कुणाला भेटून आलो, असं म्हणता येत नाही.

नावाचा दगड ठेवण्याचा हक्क

भेटीसाठी वेगळ्या प्रकारची जागा लागत होती आणि तिचा पाया एका कायद्यानं घातला. १२ जून १८०४ रोजी नेपोलियनच्या राजवटीनं दफनांविषयी हुकूम काढला. दफनभूमी वस्तीच्या हद्दीपासून किमान ३५ ते ४० मीटर दूर असावी. प्रत्येक प्रेताला स्वतंत्र खड्डा हवा, दीड ते दोन मीटर खोल. दोन खड्ड्यांमध्ये अंतर राखावं. भोवती भिंत बांधावी, आत झाडं लावावीत. आरोग्याच्या या तरतुदींमध्ये एक कलम निराळंच होतं. आपल्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या खड्ड्यावर नावाचा दगड ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही.

या एका कलमाचं महत्त्व फार मोठं आहे. थोरांच्या थडग्यांना भेटी जगभर पूर्वीपासून होत्या. ताजमहाल हे थडगंच आहे, विजापूरचा गोलघुमटही. संतांच्या समाधीवर माथा टेकणं तर आपल्याकडे रोजचं. पण सुताराचं, शिवणकाम करणाऱ्या बाईचं, पाच वर्षांच्या पोरीचं थडगं नावानिशी उभं राहावं आणि ते हक्क म्हणून उभं राहावं, हे नवं होतं. अर्थात हक्क कागदावर मिळाला म्हणजे सगळ्यांच्या हातात आला, असं नाही. फुकट मिळालेला खड्डा पाच वर्षांनी पुन्हा वापरायला घेता येई. कायमची जागा विकत घ्यावी लागे. ज्यांना ती परवडत नव्हती, त्यांच्या शवपेट्या पॅरिसमध्ये बराच काळ सामाईक चरांतच जात राहिल्या. तरी दिशा ठरली होती. मेलेला माणूस ढिगातून वेगळा झाला होता.

हुकूम निघण्याआधी काही आठवडे, २१ मे १८०४ रोजी, पॅरिसच्या पूर्वेच्या टेकडीवर नवी दफनभूमी उघडली. ही टेकडी पूर्वी जेझुइट पाद्र्यांची. चौदाव्या लुईची पापांची कबुली ऐकणारे पाद्री फ्रांस्वा द ला शेझ तिथं राहत, म्हणून लोक तिला ‘पेर लाशेझ’ म्हणू लागले. शहराचे प्रशासक निकोला फ्रोशो यांनी जागा घेतली आणि वास्तुकार ब्राँनियार यांनी आराखडा केला. ब्राँनियार यांनी टेकडीचे चढ-उतार मोडले नाहीत. वळणाच्या वाटा, चेस्टनटची झाडं, मध्येच उघडणारी शहराची दृश्यं असा इंग्रजी बागेचा घाट त्यांनी राखला. फेरफटका मारावासा वाटेल, अशी दफनभूमी करायची, हे पहिल्या दिवसापासून मनात होतं.

पण लोक येईनात. शहरापासून दूर, चर्चच्या आवाराबाहेर, ओसाड टेकडीवर आपलं माणूस ठेवायचं कुणी? पहिलं दफन पाच वर्षांच्या एका मुलीचं झालं आणि त्या वर्षी एकूण थडगी झाली तेरा. तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनी लोकांचं मन बरोबर ओळखलं. १८१७ मध्ये त्यांनी मोलिएर आणि ला फोंतेन यांचे अवशेष इथं आणले. नटांना धर्मसंमत दफन नाकारण्याच्या काळात, १६७३ मध्ये, नट-नाटककार मोलिएरला राजाच्या मध्यस्थीनंतर रात्रीच्या अंधारात पुरावं लागलं होतं. आता त्याला भर दुपारी सर्वांना दिसेल अशी जागा मिळाली. त्याच वर्षी बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ आबेलार आणि त्याची विद्यार्थिनी व प्रेयसी एलोईझ यांना एका गॉथिक छत्रीखाली शेजारी शेजारी ठेवलं गेलं. गुप्त विवाह, तिच्या मामानं घेतलेला निर्घृण सूड, दोघांचं मठात जाणं आणि तिथून एकमेकांना लिहिलेली पत्रं ही त्यांची कथा फ्रान्समध्ये घरोघरी ठाऊक होती. ही हाडं नक्की त्यांचीच का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. गर्दीला ती नव्हती. १८१५ मध्ये दोन हजारांच्या आसपास असलेली थडगी १८३० पर्यंत तेहतीस हजारांवर गेली.

म्हणजे ज्याला आज दफनभूमीचं पर्यटन म्हणतात, ते पेर लाशेझवर नंतर चिकटलेलं नाही. पाहुण्यांच्या येण्यानंच ती दफनभूमी उभी राहिली. १८२० च्या दशकात वाटा आणि थडगी समजावून सांगणारी मार्गदर्शक पुस्तकं विकली जात होती. बाल्झाक इथं हिंडत असे. ‘पेर गोरियो’ या कादंबरीचा शेवट त्यानं याच टेकडीवर घडवला. १८५० मध्ये तो स्वतः इथं आला, तेव्हा थडग्याशी व्हिक्टर ह्यूगोनं भाषण केलं.

हा नमुना समुद्रापार गेला. १८३१ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न, १८३८ मध्ये ब्रुकलिनला ग्रीन-वुड आणि १८३९ मध्ये लंडनला हायगेट या दफनभूमी बागेच्या रूपात उघडल्या. शहरांत तोवर सार्वजनिक उद्यानं जवळपास नव्हतीच. रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं शिदोरी घेऊन ग्रीन-वुडला जात. ही गर्दी पाहूनच न्यूयॉर्कमध्ये मोठ्या उद्यानाची मागणी जोर धरू लागली आणि तिच्यातून सेंट्रल पार्क आलं.

परक्या मातीत नाव

पेर लाशेझच्या वाटांवर आज फ्रेंचइतक्याच इतर भाषा कानावर पडतात. त्याचं कारण तिथं झोपलेल्या माणसांत आहे. १८४९ मध्ये वारलेल्या पोलिश संगीतकार शोपँचं शरीर इथं आहे आणि हृदय त्याच्या इच्छेनुसार वॉर्साच्या चर्चमध्ये. त्यामुळे त्याच्या थडग्याकडे पोलंडची माणसं येतात. इराणी लेखक सादिक हिदायत १९५१ पासून इथं आहे, कुर्द दिग्दर्शक यिल्माझ ग्युने १९८४ पासून. मायदेशी जाता आलं नाही, अशा अनेकांना या टेकडीनं जागा दिली.

त्यांत अवधची राजमाता आहे. १८५६ मध्ये कंपनी सरकारनं अवध खालसा केलं, तेव्हा नवाब वाजिद अली शाहच्या आई मलिका किश्वर राणी व्हिक्टोरियाकडे दाद मागायला थेट लंडनला गेल्या. त्या तिथं असतानाच इकडे १८५७ चा उठाव पेटला आणि उरलीसुरली आशा संपली. परत निघालेल्या मलिका जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसमध्येच वारल्या आणि पेर लाशेझच्या मुस्लिम विभागात त्यांचं दफन झालं.

मुंबईशी अगदी जवळचं नाव म्हणजे जे. आर. डी. टाटा. आई सुझान ब्रिएर फ्रेंच, वडील रतनजी दादाभॉय टाटा पारशी. जन्म पॅरिसचा, १९०४ चा. पुढची कर्तबगारी मुंबईतली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन विमान स्वतः चालवत ते मुंबईला उतरले आणि भारतातल्या नागरी हवाई वाहतुकीचा इतिहास तिथून सुरू झाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी ते जिनिव्हात वारले आणि पेर लाशेझमधल्या टाटा कुटुंबाच्या थडग्यात विसावले. पॅरिसला जाणाऱ्या मराठी माणसानं आयफेल टॉवरच्या यादीत ही जागा जरूर जोडावी.

दहन करणाऱ्या आपल्या समाजाला जवळचं वाटेल, असंही इथं काही आहे. फ्रान्समध्ये दहनाला १८८७ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली आणि १८८९ मध्ये पेर लाशेझच्या दाहगृहात पहिलं दहन झालं. सभोवतीच्या भिंतींत अस्थिकलशांचे हजारो कोनाडे आहेत, प्रत्येकावर नाव. नर्तकी इझाडोरा डंकन आणि अमेरिकी कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांच्या रक्षा तिथं आहेत.

आणि आग्नेय कोपऱ्यात एक भिंत आहे, जिथं थडगं नाही. मे १८७१ मध्ये पॅरिसच्या कामगारांनी उभारलेलं ‘कोमून’ सरकारी फौजांनी चिरडलं, तेव्हा शेवटच्या चकमकी याच थडग्यांआडून झाल्या. २८ मे रोजी १४७ बंडखोरांना त्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या आणि तिथंच चरात पुरलं. १८८० पासून लोक दरवर्षी तिथं मिरवणुकीनं येऊ लागले. समोरच आता ऑशविट्झ, बुखेनवाल्ड, माउटहाउझेन, रावेन्सब्रुक या नाझी छावण्यांत मारल्या गेलेल्यांची स्मारकं आहेत. ज्यांना थडगंच मिळू दिलं नाही, त्यांच्या माणसांना फुलं ठेवायला कुठंतरी जागा लागते. ती इथं आहे.

गर्दीची किंमत

भेटींचा भार दगडावर पडतो. आयरिश लेखक ऑस्कर वाइल्ड १९०० मध्ये पॅरिसमध्ये निर्धन अवस्थेत वारला. १९०९ मध्ये त्याला पेर लाशेझला आणलं आणि पुढे शिल्पकार जेकब एपस्टाइनची पंखधारी मूर्ती त्याच्यावर उभी राहिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर लिपस्टिकनं ओठांचे ठसे उमटवण्याची टूम निघाली. लिपस्टिकमधली चरबी दगडात मुरते आणि ती काढायला केलेली प्रत्येक सफाई दगडाचा थर खरवडते. शेवटी २०११ मध्ये आयर्लंडच्या सरकारनं खर्च उचलला आणि थडग्याभोवती काच बसवली गेली.

३ जुलै १९७१ रोजी वारलेला गायक जिम मॉरिसन याची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्याच्या थडग्यावरचा अर्धपुतळा १९८८ मध्ये चोरीला गेला आणि तो २०२५ मध्ये पोलिसांना सापडला. पण सर्वांत जास्त सोसलं ते शेजाऱ्यांनी. चाहत्यांनी आजूबाजूच्या थडग्यांवर बाण काढले, त्याचं नाव कोरलं, संदेश लिहिले. एका नावाच्या प्रेमापोटी दुसऱ्यांची नावं पुसली गेली. दफनभूमीच्या पर्यटनातला खरा दोष मला इथं दिसतो. मौजेनं येण्यात अपराध नाही. टेकडीवर बाग केली, ती लोकांनी आनंदानं यावं म्हणूनच. अपराध आहे तो शेजारचं थडगं म्हणजे बसायचा दगड, असं समजण्यात.

शिवाय पेर लाशेझ हे संग्रहालय नाही. रोज तिथं दफनं आणि दहनं होतात. नकाशा हातात धरून शोपँ शोधणारा प्रवासी आणि आईला निरोप द्यायला आलेला मुलगा एकाच वाटेनं जातात. प्रवेशाला तिकीट नाही. त्यामुळे पाहुण्यावर जबाबदारी अधिक आहे. अंत्ययात्रा आली की वाट सोडून उभं राहावं, शोकाकुल माणसांचे फोटो घेऊ नयेत आणि थडग्यावर चढू नये. अलीकडे दफनभूमीत तणनाशकांची फवारणी थांबवली आहे. रानफुलं आणि पक्षी वाढले असून २०२० च्या टाळेबंदीत थडग्यांमध्ये खोकडाची पिल्लंही दिसली. त्यांच्यापासूनही माणसानं अंतर राखायला हवं.

पाहुणे का हवेत, याचं शेवटचं उत्तर फ्रेंच कायद्यातच आहे. विकत घेतलेली ‘कायमची’ जागाही अटीवर कायमची असते. ती घेऊन तीस वर्षं झाली, शेवटच्या दफनाला दहा वर्षं लोटली आणि थडगं बेवारस पडून ढासळू लागलं, तर नोटीस लावून, ठरलेली मुदत पाहून शहराला ते परत घेता येतं. आतले अवशेष अस्थिगृहात जातात. मात्र ज्यांची हाडं काढली, त्यांची नावं एका नोंदवहीत लिहावी लागतात आणि ती वही कुणालाही पाहता यावी, अशी सक्ती आहे. दगड हटला तरी नाव राखायचं, इथवर हा समाज आला आहे.

वंश खुंटतात, नातवंडं दूरदेशी जातात. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला रक्ताचं नातं फार काळ पुरत नाही. तिथून पुढे त्याचं नाव वाचणारा बहुधा परकाच असतो, हातात नकाशा घेतलेला, वाट चुकून त्या बाजूला आलेला. थडगी पाहायला जाणाऱ्याकडे संशयानं पाहण्यापेक्षा त्याला एवढंच सांगावं: ज्याच्यासाठी आलात, त्याला भेटा आणि त्याच्या डावी-उजवीकडची दोन नावंही वाचून जा.